कंपवात : दोष रक्ताचा की रानाचा?

कंपवाताच्या रोग्याला तपासून झाले, चिठ्ठी लिहून झाली, म्हातारे गृहस्थ हळूहळू दाराबाहेर गेले, की बरोबर आलेला मुलगा मागे रेंगाळतो आणि दबक्या आवाजात विचारतो, "डॉक्टर, हे आमच्या रक्तातच आहे का? उद्या मलाही होणार का?" काही घरांत प्रश्न वेगळा असतो. "तीस वर्षे पाठीवर पंप घेऊन औषध मारले, त्याचाच हा परिणाम ना?" तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे दोन्ही प्रश्न मी अनेकदा ऐकले आहेत. विचारणाऱ्याला वाटते की दोहोंपैकी एकच उत्तर खरे असले पाहिजे : एक तर रक्त दोषी, नाही तर रान दोषी. वाचकहो, गेल्या तीस-चाळीस वर्षांत शास्त्रज्ञांनी जे शोधून काढले आहे ते असे की, बहुतेक रोग्यांत हे दोघे मिळून काम करतात. हे समजून घेतले तर काही घरांतली विनाकारण भीती जाईल आणि काही घरांत आवश्यक ती काळजी सुरू होईल.

रोग आहे तरी काय?

आयुर्वेदात कंपवाताचे वर्णन आहे. आधुनिक वैद्यकात लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली सहा रोग्यांचे निरीक्षण करून यावर छोटे पुस्तक लिहिले. म्हणून याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. आपल्या मेंदूच्या मध्यभागी, खालच्या बाजूस, काळपट रंगाचा एक लहानसा भाग असतो. तेथील पेशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात. हात उचलणे, पाऊल टाकणे, शर्टाचे बटण लावणे या हालचाली सहज व्हाव्यात यासाठी हे रसायन लागते. या पेशी एकेक करून मरू लागल्या की हालचाल अडखळते. पेशी मरण्याचे काम वर्षानुवर्षे गुपचूप चालते. लक्षणे स्पष्ट दिसतात तोवर त्या भागाचे बरेच नुकसान झालेले असते.

एका हाताचा विसावलेल्या अवस्थेतला कंप, हालचालीतील मंदपणा, अंग ताठरणे, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे ही याची लक्षणे. कंप असलाच पाहिजे असेही नाही. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठ आणि झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे या तक्रारी काही रोग्यांत कितीतरी वर्षे आधी सुरू झालेल्या असतात.

केवळ बी पुरेसे असते तेव्हा

शेतकऱ्याला जनुक समजावून सांगणे अवघड नाही. जनुक म्हणजे बियाण्यात लिहिलेला मजकूर. आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा मिळालेला हा मजकूर आपल्या प्रत्येक पेशीत असतो. आता मेंदूचे काही रोग असे आहेत की बियाण्यातली एकच चूक पुरेशी होते. मग जमीन कोणतीही असो, पाणी कोणतेही असो.

याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच सापडले. जे. जे. रुग्णालयातील सुप्रसिद्ध मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली नऊ कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. या कुटुंबांतील माणसांचा तोल जाई, बोलणे जड होई आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होई. पिढ्यान्‌पिढ्या हा आजार उतरत होता. पुढे १९९६ साली या प्रकारच्या आजाराचे जनुक सापडले. अशा रोगात आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता दोनात एक, म्हणजे नाणे उडवल्यासारखी असते. हंटिंग्टनचा आजारही याच जातीचा.

लोकांच्या मनात "घराण्यातला रोग" म्हणून जे चित्र असते ते या रोगांचे. पण कंपवाताचे बहुसंख्य रोगी या जातीचे नसतात. शंभर रोग्यांपैकी साधारण दहा-पंधरा जणांच्याच जवळच्या नात्यात दुसरा रोगी आढळतो.

केवळ विष पुरेसे असते तेव्हा

आता दुसरे टोक पाहू. १९८२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुण माणसे एकाएकी पुतळ्यासारखी जखडलेली रुग्णालयात आली. बोलता येईना, हलता येईना. लक्षणे थेट कंपवाताच्या जुन्या रोग्यासारखी, आणि ती काही दिवसांत उमटलेली! डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला. या तरुणांनी चोरून बनवलेले एक मादक द्रव्य टोचून घेतले होते आणि ते बनवताना झालेल्या गडबडीने त्यात 'एमपीटीपी' नावाचे रसायन तयार झाले होते. या रसायनाने मेंदूतील नेमक्या त्याच काळपट भागातील पेशी मारल्या होत्या.

बाहेरून आलेले एखादे रसायन हाच रोग उभा करू शकते, हे त्या दिवसापासून पक्के झाले. आणि मग संशोधकांचे लक्ष शेताकडे वळले. कारण एमपीटीपीचे शरीरात ज्या विषात रूपांतर होते, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी बरीच मिळतीजुळती आहे.

जुळ्या भावांनी काय सांगितले?

एक टोक बियाण्याचे, दुसरे विषाचे. आपल्या गावातला नेहमीचा रोगी या दोहोंच्या मध्ये कोठे बसतो? याचा अंदाज घेण्यासाठी जुळ्यांचा अभ्यास उपयोगी पडतो. एकबीज जुळ्यांची जनुके सारखी असतात. रोग जर संपूर्णपणे जनुकांचा असेल तर एकाला झाला की दुसऱ्यालाही व्हायला हवा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या सुमारे वीस हजार जुळ्या पुरुषांचा असा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्या एकबीज जोड्यांत एकाला कंपवात होता, त्यांत दोघांनाही रोग झाल्याचे साधारण सहा जोड्यांत एकाच जोडीत आढळले. पन्नाशीनंतर रोग झालेल्यांत तर एकबीज आणि साधे जुळे यांत विशेष फरक दिसला नाही. मात्र पन्नाशीच्या आत रोग सुरू झालेल्या एकबीज जोड्या चारच होत्या आणि त्या चारही जोड्यांत दोन्ही भावांना रोग झालेला होता. चार ही संख्या लहान आहे, पण इशारा स्पष्ट आहे. रोग लवकरच्या वयात आला तर बियाण्याचा वाटा मोठा; म्हातारपणी आला तर एकट्या बियाण्यावर दोष ठेवता येत नाही.

लवकर येणाऱ्या रोगाचे एक जनुक जपानी संशोधकांना १९९८ साली सापडले. त्याला 'पार्किन' असे नाव आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली तरच हा रोग होतो. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल आहे. एकाच घराण्याचे रक्त दोन्हीकडून आले की अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणून चाळिशीच्या आत कंपवात सुरू झाला असेल, घरात दोन-तीन रोगी असतील किंवा आई-वडील नात्यातले असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे.

बी आणि फवारा एकत्र येतात कसे?

आपल्या लिव्हरमध्ये अनेक एन्झाइम तयार होतात. त्यांचे एक काम म्हणजे अंगात गेलेले विष मोडून टाकणे. त्यातले 'पॅराऑक्सोनेज' हे एन्झाइम क्लोरपायरिफॉससारख्या काही कीटकनाशकांची विषारी रूपे मोडते. काहींच्या जनुकात हे एन्झाइम जोमदार बनवण्याचा मजकूर असतो, काहींच्यात मंद एन्झाइमचा. मंद एन्झाइमच्या माणसाला एरवी काही त्रास होत नाही. तो शहरात दुकान चालवत असेल तर त्याला हे आयुष्यभर कळणारही नाही. परंतु तोच माणूस फवारणीच्या रानात राहात असेल तर? कॅलिफोर्नियाच्या शेतीभागातील रोग्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मंद एन्झाइमचे जनुक आणि क्लोरपायरिफॉसचा संपर्क या दोन गोष्टी एकत्र आल्या तेथे कंपवाताचा धोका दुपटीहून अधिक दिसला.

पॅराक्वाटच्या बाबतीत २०१२ सालचा अमेरिकेतील अभ्यास अधिक बोलका आहे. विष निकामी करण्यास मदत करणारे एक जनुक काही माणसांत मुळातच गैरहजर असते. ते जनुक असलेल्या पुरुषांत पॅराक्वाट वापरल्याने वाढलेला धोका जेमतेम दीडपट होता आणि तोही पक्का म्हणता येण्याजोगा नव्हता. ते जनुक नसलेल्या पुरुषांत मात्र तो सुमारे अकरापट निघाला. तणनाशक तेच, पण सोसणारे शरीर वेगळे.

एकाच बांधाच्या दोन बाजूंचे दोन शेतकरी तेच औषध तेवढीच वर्षे मारतात. एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याचा हात साठीत कापू लागतो, याचे एक कारण येथे आहे. "आमच्या आज्याने उभी हयात औषध मारले, त्याला कुठे काय झाले?" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. आज्याचे बी आज्याजवळ होते. तुमच्यात आजीचे आणि आईकडचेही आहे.

येथे दोन खुलासे केले पाहिजेत. अकरापट म्हणजे शंभरातील अकरा जणांना रोग होतो असे नव्हे. मुळातला धोका लहान असतो, त्याच्या अकरापट. शिवाय हे अभ्यास रोगी आणि निरोगी माणसांची तुलना करणारे आहेत आणि त्यांतली संख्या फार मोठी नाही. संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर असते. तरीही प्राण्यांवरील प्रयोग आणि माणसांवरील अनेक अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर शहाण्याने सावध व्हावे. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे.

तिसरा भागीदार : वय

मुंबईतील पारशी वसाहतींत डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. १४,०१० माणसांत कंपवाताचे ४६ रोगी आढळले. म्हणजे साधारण तीनशे माणसांमागे एक. आकडा मोठा वाटतो आणि "त्या समाजाच्या रक्तातच आहे" असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु या समाजात वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे आणि कंपवात हा मुख्यतः उतारवयाचा रोग. वयाचा हिशेब जुळवून घेतला की तो आकडा बराच खाली येतो. कोणत्याही समाजावर किंवा घरावर शिक्का मारण्यापूर्वी तेथे म्हातारी माणसे किती आहेत हे विचारावे, एवढे यातून शिकावे. ज्या घरात माणसे ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगतात त्या घरात एखादा कंपवात दिसणे यात नवल नाही.

लपवलेला हात

शिक्का बसला की काय होते ते सांगतो. नेवासे तालुक्यातील एका बागायतदाराची गोष्ट आहे. वय बासष्ट, उजवा हात कापतो, चाल मंदावलेली. गोळ्या सुरू केल्या, चांगला गुण आला. पुढे त्यांचे येणे बंद झाले. दोन वर्षांनी आले ते पडून मनगट मोडल्यावर. चौकशी केली तेव्हा कळले की धाकट्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू असताना पाहुण्यांच्या कानावर "घराण्यात कंप आहे" असे गेले आणि स्थळ मोडले. त्यानंतर या गृहस्थांनी दवाखान्याची पायरी सोडली. गोळ्या घेताना कोणी पाहू नये म्हणून गोळ्याही सोडल्या. लग्नाकार्यात जाताना ते उजवा हात उपरण्याखाली दाबून धरत आणि कोणाशी बोलत नसत. मुलीला पुढे दुसरे स्थळ मिळाले. पण त्या दोन वर्षांत त्यांची जी चाल गेली, ती सारी परत आली नाही.

पाहुण्यांचा हिशेब किती चुकीचा होता ते पाहा. साठीनंतर शंभर माणसांत साधारण एकाला कंपवात होतो. आई किंवा वडिलांना उतारवयात झाला असेल तर अपत्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो असे धरले, तरी तो शंभरात दोन-तीन. उरलेल्या सत्त्याण्णव जणांना तो होत नाही. तेवढ्यासाठी पंचविशीतल्या मुलीची सोयरीक मोडणे यात शास्त्रही नाही आणि माणुसकीही नाही. निरोगी मुलामुलींनी केवळ भीतीपोटी जनुकांची तपासणी करून घेण्याचीही सहसा गरज नसते. ती करावयाची तर वर सांगितलेल्या खास कारणासाठी आणि तज्ज्ञांशी बोलूनच.

रानात काय करावे?

आपला अहिल्यानगर जिल्हा फवारणीचा जिल्हा आहे. संगमनेर-राहात्याकडे फळबागा आणि टोमॅटो, शेवगाव-पाथर्डीकडे कपाशी, सगळीकडे कांदा आणि ऊस. फवारा थांबवा असे सांगणारा मी कोण? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा सर्वांना तातडीच्या विषबाधेची जाणीव झाली. कंपवाताचा संबंध मात्र त्या एका दिवसाच्या विषबाधेपेक्षा वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात जिरण्याशी अधिक आहे, आणि ते मुख्यतः हातांच्या कातडीतून जिरते.

अमेरिकेतील शेतकऱ्यांवरील एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट वापरणाऱ्यांपैकी जे हातमोजे घालत नसत किंवा क्वचितच घालत, त्यांच्यात कंपवाताचा धोका वाढलेला दिसला. जे नेमाने घालत त्यांच्यात तो वाढलेला दिसला नाही. एका जोडीला किती पैसे पडतात? म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. औषध कालवताना आणि मारताना रबरी हातमोजे घालावेत. कापडी मोजे नकोत. ते भिजतात आणि विष कातडीला धरून ठेवतात. औषध हाताने ढवळू नये. डब्यातले घट्ट औषध ओततानाच सर्वांत जास्त धोका असतो.

२. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. फवारणी चालू असता तंबाखू मळू नये, विडी ओढू नये.

३. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मारू नये. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत बूट आणि नाकातोंडावर मास्क असावा. पाठीवरचा पंप गळत असेल तर तो आधी दुरुस्त करावा.

४. काम संपताच साबणाने अंघोळ करावी. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. घरातली बाई रोज ते कपडे हाताने धुते, तेव्हा तेच विष तिच्याही कातडीला लागते.

५. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. कमी जहाल औषधाने काम भागत असेल तर तेच घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशी विचाराव्यात. दुकानदाराने सुचवलेली तीन औषधे एकत्र करून मारू नयेत. रिकामे डबे पाण्याला, तेलाला वापरू नयेत.

६. फवारणीला सालगडी किंवा रोजंदारीचा माणूस लावत असाल तर त्याच्यासाठीही मोजे घ्यावेत. त्याच्या लिव्हरमध्ये कोणते एन्झाइम मंद आहे हे त्याला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही.

रोग झाला असेल तर

मरणाऱ्या पेशी थांबवणारे औषध अजून हाती आलेले नाही. पण लेव्होडोपा या औषधाने हालचाल मोकळी होते आणि माणूस पुष्कळ वर्षे कामाचा राहतो. हेच द्रव्य आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांत असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे केले. तरी बियांचे चूर्ण मनाने घेऊ नये, कारण त्यातील मात्रा मोजता येत नाही आणि गोळ्यांबरोबर ती दुप्पट होऊ शकते. गोळ्या एकाएकी बंद करणे तर त्याहून घातक आहे.

रोज चालणे आणि व्यायाम यांचा खरा उपयोग होतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ ही रोग्यांची आणि नातेवाइकांची संस्था आहे. तेथे इतरांच्या अनुभवाचा आधार मिळतो.

वडिलांना कंपवात असणाऱ्या मुलाला माझे सांगणे एवढेच आहे. बियाणे तुम्ही निवडलेले नाही, त्याची लाज बाळगू नका आणि वडिलांचा हात लपवू नका. त्यांना वेळेवर गोळ्या द्या. आणि उद्या रानात जाताना हातमोज्यांची जोडी बरोबर घ्या. तुमच्या वाट्याला कोणते बी आले आहे हे ठाऊक नाही म्हणूनच ती अधिक गरजेची आहे.

(हात कापणारा प्रत्येक माणूस कंपवाताचा रोगी नसतो. चहाचा कप उचलताना होणारा कंप, थायरॉइडचा कंप आणि उलटी-चक्करच्या काही गोळ्यांनी होणारा कंप यांविषयी पुढील आठवड्यात.)